खिडकीचा नकाशा आणि जंगलाचा हिशेब

एका वाचनालयाच्या नव्या इमारतीचे काम आमच्याकडे आले, तेव्हा संस्थेने एक अट लेखी घातली होती. खिडक्या लाकडाच्या हव्यात, आणि ते लाकूड ज्या जंगलातून येईल त्या जंगलाची जबाबदारीने निगा राखली जात असल्याचा पुरावा हवा. अशी अट एरवी निविदेच्या शेवटी एका ओळीत येते आणि ती पुरी करण्याचे ओझे खरेदी करणाऱ्याच्या डोक्यावर पडते. मला ते पटत नव्हते. लाकूड कुठून आणायचे हे विचारण्याआधी ते किती लागणार, कोणत्या जाडीचे आणि लांबीचे लागणार, आणि किती वर्षे टिकायला हवे, हे ठरावे लागते; आणि हे सारे वास्तुरचनाकाराच्या मेजावर, पहिल्या काही रेखाटनांतच ठरून जाते. म्हणून आम्ही जंगलाचा प्रश्न खिडकीच्या नकाशापासूनच हाती घेतला. त्या कामात जे करावे लागले ते इथे क्रमाने मांडते आहे.

पहिला प्रश्न उजेडाचा होता. वाचनखोली 11 मीटर रुंद होती. खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत पोहोचतो, असा आमच्या व्यवसायातला जुना आडाखा आहे. त्या हिशेबाने एकाच भिंतीला कितीही रुंद खिडक्या दिल्या तरी खोलीचा मागचा भाग अंधारलेलाच राहिला असता. आम्ही माथा 2.7 मीटरवर नेला, समोरासमोरच्या दोन्ही भिंतींना खिडक्या दिल्या आणि खिडकीची खालची कड टेबलाच्या उंचीपर्यंत वर घेतली, कारण टेबलाच्या खाली असलेल्या काचेतून वाचणाऱ्याच्या पानावर फारसा उजेड येत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या ईएन 17037 या युरोपीय मानकात दिवसाच्या निम्म्या उजेडी वेळात खोलीच्या निम्म्या क्षेत्रावर किमान 300 लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आणि जवळपास सर्व क्षेत्रावर किमान 100 लक्स उजेड असावा, अशी किमान पातळी सांगितली आहे. संगणकावर तपासल्यावर आमची रचना त्या पातळीच्या वर राहिली, आणि खिडक्यांचे एकूण क्षेत्र पहिल्या रेखाटनापेक्षा बरेच कमी झाले. जंगलाच्या दृष्टीने पाहिले तर या सबंध कामातली ही पहिली आणि सर्वांत स्वस्त बचत होती.

त्यानंतर उघडणाऱ्या आणि न उघडणाऱ्या भागांचा विचार केला. उघडणाऱ्या खिडकीला चौकट लागते आणि त्या चौकटीत बसणारी झडपही लागते, म्हणजे काचेभोवती लाकडाच्या दोन फेऱ्या येतात. न उघडणारी काच थेट चौकटीत बसवता येते. शिवाय छोट्या छोट्या अनेक खिडक्या केल्या, तर तेवढ्याच काचेसाठी लाकूड कितीतरी जास्त लागते. म्हणून आम्ही प्रत्येक गाळ्यात एक मोठे स्थिर तावदान आणि त्याच्या शेजारी एक अरुंद, उंच झडप अशी जोडी ठरवली. हवा खेळती राहण्यासाठी आणि काच आतून-बाहेरून पुसता येण्यासाठी जेवढ्या झडपा लागत होत्या, तेवढ्याच ठेवल्या.

खिडक्या लाकडाच्याच का, हा प्रश्न संस्थेच्या बैठकीत विचारला गेला आणि तो रास्त होता. पाइनसारख्या मऊ लाकडाची उष्णतावाहकता सुमारे 0.13 वॅट प्रति मीटर केल्विन असते. ॲल्युमिनियमची 160 च्या घरात आहे. त्यामुळे ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या आतल्या आणि बाहेरच्या भागांमध्ये उष्णतारोधक प्लास्टिकची पट्टी घालून त्यांना एकमेकांपासून तोडावे लागते, आणि लाकडाला अशा उपायाची गरज पडत नाही. अर्थात काच साधी ठेवली तर चौकटीच्या गुणाचा फारसा उपयोग होत नाही. एकेरी काचेचे यू-मूल्य, म्हणजे तिच्यातून किती उष्णता निसटते याचे माप (जितके कमी तितके चांगले), 5.7 च्या आसपास असते. दोन काचांमध्ये आर्गॉन वायू आणि एका काचेवर उष्णता परावर्तित करणारा अतिशय पातळ धातुलेप असला, तर ते 1.1 पर्यंत खाली येते. आम्ही अशी दुहेरी काच घेतली. तिहेरी काच आणखी चांगली असते, पण तिचे वजन वाढते, वजनाबरोबर झडपेची जाडी आणि बिजागऱ्यांवरचा भार वाढतो, आणि आमच्या इमारतीला त्यातून मिळणारा फायदा त्या मानाने थोडा होता.

आता लाकडाच्या जातीचा प्रश्न आला. बुरशीपुढे लाकूड किती टिकाव धरते, यावरून ईएन 350 या मानकात लाकडांचे पाच वर्ग केले आहेत; पहिला सर्वांत टिकाऊ. पहिल्या वर्गात सागासारखी लाकडे येतात, स्प्रूस हे थंड प्रदेशातले मऊ लाकूड चौथ्या वर्गात येते. हे वर्ग मात्र गाभ्याच्या लाकडाला लागू आहेत. सालीलगतचे फिकट रसकाष्ठ कोणत्याही झाडाचे असो, ते शेवटच्या वर्गातलेच मानावे लागते. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी सहसा धरत नाही, म्हणजे टिकाऊपणा जातीवर जेवढा अवलंबून असतो तेवढाच रचनेवरही असतो. हे लक्षात घेऊन आम्ही इमारतीच्या बाजू वेगवेगळ्या पाहिल्या. तीन बाजूंना छज्जा रुंद होता आणि तिथल्या खिडक्यांवर पावसाचा थेट मारा नव्हता. तिथे पाइनच्या गाभ्याचे, पट्ट्या चिकटवून तयार केलेले लाकूड पुरेसे होते. चौथी बाजू वाऱ्या-पावसाच्या तोंडावर होती, आणि तिथे पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गातल्या कठीण लाकडावाचून मला स्वस्थता वाटली नसती. असे लाकूड मुख्यतः उष्ण प्रदेशातल्या जंगलांतून येते.

इथे आमचे काम बराच काळ अडले, कारण संस्थेच्या काही सभासदांचे म्हणणे होते की उष्ण प्रदेशातल्या जंगलाचे लाकूड मुळीच वापरू नये. त्यांची तळमळ खरी होती आणि मलाही ती हलकी मानता येईना. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2020 च्या पाहणीनुसार 2015 ते 2020 या काळात दरवर्षी सुमारे 1 कोटी हेक्टर जंगल नाहीसे होऊन ती जमीन दुसऱ्या वापराखाली गेली. पण त्यामागचे सर्वांत मोठे कारण शेती आणि कुरणांचा विस्तार हे आहे. ज्या जंगलातून त्याच्या मालकाला किंवा तिथल्या वस्तीला काहीच मिळत नाही, ते जंगल मोडून तिथे पीक घेण्याचा मोह अधिक असतो. दुसरीकडे, बेपर्वा तोडीसाठी जंगलात जे रस्ते काढले जातात त्यांच्या मागोमागच अतिक्रमण आत शिरते, हेही तितकेच खरे आहे. म्हणजे लाकूड वापरावे की वापरू नये, एवढ्यावर उत्तर थांबत नव्हते. तोड कशी झाली हे पाहणे भाग होते.

चांगली तोड कशी असते, हे मी या निमित्ताने बारकाईने वाचले. तोडायच्या झाडांची आधी मोजणी होते आणि प्रत्येक झाड नकाशावर नोंदवले जाते. बियांसाठी राखायची झाडे वेगळी खुणावली जातात. शेजारच्या झाडांना गुंफून टाकणाऱ्या वेली तोडीच्या काही महिने आधीच कापतात, म्हणजे एक झाड पडताना दुसऱ्यांना ओढून पाडत नाही. झाड कोणत्या दिशेला पाडायचे हे ठरलेले असते, ओंडके ओढण्याच्या वाटा आधी आखलेल्या असतात, ओढ्यांच्या काठची पट्टी सोडलेली असते. एका तुकड्यात एकदा तोड झाली की पुढची कित्येक वर्षे, पुष्कळ ठिकाणी 25 ते 40 वर्षे, तिथे करवत लागत नाही. हे सारे कागदावर लिहिणे सोपे आहे. ते प्रत्यक्षात होते की नाही हे त्रयस्थाने जाऊन पाहावे लागते, आणि प्रमाणपत्राची गरज तिथे निर्माण होते.

1992 च्या रिओ येथील पर्यावरण परिषदेत जंगलांबाबत बंधनकारक करार होऊ शकला नाही. त्यानंतर 1993 मध्ये टोरांटो येथे जंगलांच्या प्रमाणपत्रांची व्यवस्था चालवणाऱ्या फॉरेस्ट स्ट्यूअर्डशिप कौन्सिलची, म्हणजे एफएससीची, स्थापना झाली. या संस्थेच्या रचनेतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिथे पर्यावरण, समाज आणि व्यापार या तीन गटांना मतांचे समान वजन आहे आणि प्रत्येक गटात श्रीमंत व गरीब देशांच्या सभासदांचे वजनही समान ठेवले आहे. तिच्या 10 तत्त्वांमध्ये कामगारांचे हक्क, मूळ रहिवाशांची आधी माहिती देऊन आणि दबावाशिवाय घेतलेली संमती, तसेच दुर्मीळ जीवजातींसाठी, पाण्यासाठी किंवा तिथल्या लोकांच्या गरजांसाठी विशेष मोलाच्या असलेल्या जंगलभागांचे जतन येते. 1999 मध्ये सुरू झालेली पीईएफसी ही दुसरी मोठी व्यवस्था वेगवेगळ्या देशांच्या राष्ट्रीय मानकांना मान्यता देते. आम्ही पाइनसाठी दोन्ही व्यवस्थांची प्रमाणपत्रे चालतील असे ठरवले आणि कठीण लाकडासाठी फक्त एफएससीची मागितली. हा आमचा निर्णय होता; इतरांनी तोच घ्यावा असे मी म्हणणार नाही.

प्रमाणपत्र आहे एवढ्यावर न थांबता त्यामागचा अहवाल वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. एफएससीच्या जंगल-तपासणीचा सारांश जाहीर करावा लागतो आणि तो कोणालाही वाचता येतो. कठीण लाकूड ज्या जंगलातून यायचे होते त्याचा सारांश मी रात्री बसून शब्दन् शब्द वाचला. त्यात त्रुटी नोंदवलेल्या होत्या. एका भागात ओढ्याकाठची राखीव पट्टी नीट खुणावलेली नव्हती, आणि काही तोडकऱ्यांकडे संरक्षक साधने अपुरी होती. गंभीर त्रुटी साधारणतः तीन महिन्यांत आणि किरकोळ त्रुटी वर्षभरात दूर करावी लागते, आणि पुढच्या वर्षीच्या सारांशात या दोन्ही नोंदी निकाली निघालेल्या दिसल्या. त्रुटींची नोंद पाहून सभासदांपैकी काहींना धक्का बसला, पण मला मात्र त्या नोंदींमुळेच विश्वास वाटू लागला. ज्या अहवालात काहीच खटकत नाही, तो लिहिणारा माणूस जंगलात किती आत गेला असेल, याची मला शंका वाटली असती.

पाइनच्या बाबतीत प्रश्न वेगळे होते. ते लागवडीच्या जंगलातले होते, आणि तिथे विचारायचे ते हे की लागवडीआधी त्या जमिनीवर काय होते, सलग किती मोठा पट्टा एकाच वेळी तोडतात, आणि मधे मूळच्या झाडोऱ्याला किती जागा सोडली आहे. याची उत्तरे समाधानकारक मिळाली.

जंगलापासून खिडकीपर्यंतचा प्रवास त्याहून किचकट निघाला. ओंडका सॉ मिलमध्ये जातो, तिथून चिरीव लाकूड व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून पट्ट्या चिकटवणाऱ्या कारखान्यात आणि शेवटी खिडक्या बनवणाऱ्या कार्यशाळेत. या वाटेवर लाकडाची मालकी ज्यांच्या ज्यांच्याकडे येते त्या प्रत्येकाकडे चेन ऑफ कस्टडीचे, म्हणजे लाकूड हातोहात जाताना त्याचा माग ठेवल्याचे, वैध प्रमाणपत्र हवे आणि प्रत्येकाच्या बीजकावर त्याचा क्रमांक व मालाविषयीचा दावा छापलेला हवा. एक कडी तुटली की पुढच्या कोणालाही तो दावा करता येत नाही, मग लाकूड प्रत्यक्षात कितीही चांगल्या जंगलातले असो. दाव्याचे प्रकारही समजून घ्यावे लागतात. 'एफएससी 100%' म्हणजे सर्व लाकूड प्रमाणित जंगलातले. 'एफएससी मिक्स' मध्ये प्रमाणित लाकडाबरोबर, पुन्हा वापरलेले किंवा 'नियंत्रित' लाकूड मिसळलेले असू शकते. नियंत्रित म्हणजे बेकायदा तोडीचे, हक्क डावलून तोडलेले, विशेष मोलाचे जंगल धोक्यात आणून मिळवलेले, जंगल मोडून शेत किंवा लागवड केलेल्या जागेचे आणि जनुकीय बदल केलेल्या झाडांचे लाकूड वगळलेले. आम्ही कठीण लाकडासाठी पहिला दावा मागितला आणि पाइनसाठी दुसरा मान्य केला.

सर्वांत कमी दर देणाऱ्या पुरवठादाराचे प्रमाणपत्र वैध होते. सार्वजनिक नोंदीत त्याचा क्रमांक घालून पाहिले तेव्हा मात्र त्याच्या व्याप्तीत फक्त चिरीव लाकूड दिसले, खिडक्या नव्हत्या. म्हणजे खिडक्यांच्या बीजकावर त्याला एफएससीचा दावा लिहिण्याचा अधिकारच नव्हता. त्याने हे लपवले असे मी म्हणणार नाही; पण आम्ही नुसती प्रमाणपत्राची छायाप्रत फाइलला लावली असती तर हे कधीच कळले नसते. क्रमांक, वैधतेची तारीख, उत्पादनाचा प्रकार आणि झाडाची जात या चारही गोष्टी नोंदीत पडताळून पाहाव्यात. जातीचे शास्त्रीय नाव मागावे, कारण बाजारात महोगनी म्हणून कितीतरी वेगवेगळी लाकडे विकली जातात, आणि खऱ्या मोठ्या पानांच्या महोगनीच्या व्यापारावर साइट्स या, धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारान्वये 2003 पासून परवान्याचे बंधन आहे.

जिच्या कामावर आमचा सर्वांत जास्त विश्वास होता ती सुतारांची कार्यशाळा लहान होती आणि तिच्याकडे कोणतेच प्रमाणपत्र नव्हते. केवळ त्या कारणाने तिला वगळणे मला अन्यायाचे वाटत होते. एफएससीच्या नियमांत यावर एक वाट आहे. एकाच बांधकामासाठी प्रकल्प-प्रमाणपत्र घेता येते आणि त्याच्या छत्राखाली प्रमाणपत्र नसलेल्या कारागिरांनाही काम करता येते, मात्र हिशेब काटेकोर ठेवावा लागतो. संस्थेने ते घेतले. कार्यशाळेत प्रमाणित लाकडाची थप्पी वेगळी रचली, प्रत्येक फळीच्या टोकाला रंगाची खूण केली, आलेल्या मालाचे चलन आणि आत आलेले घनफळ नोंदवले, तयार खिडक्यांचे घनफळ मोजले आणि मधला फरक कापकाट व भुशाचा म्हणून दाखवला. सुरुवातीला मुख्य मिस्त्रींना ही लिखापढी जाचक वाटत होती. पहिल्या नोंदी हाती आल्या तेव्हा आम्ही दोघेही चकित झालो, कारण विकत घेतलेल्या लाकडापैकी जेमतेम निम्मे खिडकीत पोहोचत होते.

मग आम्ही नकाशा पुन्हा उघडला. चौकटीची जाडी मी सवयीने ठरवलेली होती; बाजारात मिळणाऱ्या चिरीव फळीतून ती काढताना रंध्याखाली नको इतके लाकूड जात होते. मिस्त्रींनी सुचवल्याप्रमाणे जाडी तीन पट्ट्या चिकटवून होणाऱ्या 68 मिलीमीटरवर आणली. आडव्या पट्ट्यांच्या लांब्या अशा बदलल्या की एका फळीतून दोन पूर्ण तुकडे निघावेत. आतल्या बाजूला, जिथे पाणी पोहोचत नाही, तिथे लहान तुकडे बोटांसारख्या खाचांनी जोडून वापरण्यास मान्यता दिली. गाठींबद्दलची अटही सैल केली. घट्ट बसलेली छोटी गाठ पाइनच्या चौकटीला कमकुवत करत नाही, आणि संपूर्ण निर्दोष लाकूडच हवे असा हट्ट धरला की झाडाचा मोठा भाग नापास होतो. पुढच्या तुकडीत वाया जाणारे लाकूड ठळकपणे कमी झाले. या बदलात माझ्याइतकाच वाटा मिस्त्रींच्या नजरेचा होता.

टिकाऊपणाचे तपशील मी तितक्याच आग्रहाने धरले. एक घनमीटर पाइनमध्ये झाडाने हवेतून घेतलेला सुमारे 900 किलो कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, आणि खिडकी कुजली की तो परत हवेत जातो. थंड प्रदेशातला पाइन तोडीला येण्यास 80 ते 100 वर्षे लागतात. लाकडी खिडकी सहसा खालून कुजते. म्हणून खालच्या आडव्या पट्टीला बाहेरच्या बाजूने 15 अंशांचा उतार दिला, तिच्या तळाशी पाणी तोडणारी खाच घेतली आणि सर्व कडा गोलसर केल्या, कारण धारदार कडेवर रंगाचा थर पातळ होऊन तिथूनच फुटतो. लाकडाच्या कापलेल्या टोकांतून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने शिरते. प्रत्येक टोक जोडण्यापूर्वी सीलरने बंद केले. काच खालच्या पट्टीवर थेट न टेकवता ठोकळ्यांवर बसवली आणि खालच्या पोकळीतून पाणी व हवा बाहेर जाण्यास छिद्रे ठेवली. काच धरणाऱ्या पट्ट्या आतून स्क्रूने बसवल्या, म्हणजे दुहेरी काचेचे सील निकामी झाले तर चौकट न मोडता काच बदलता येईल.

माल आला त्या दिवशी ओलावा मोजण्याचे यंत्र घेऊन आम्ही प्रत्येक थप्पीतले नमुने तपासले आणि 10 ते 14 टक्क्यांच्या बाहेरचे लाकूड बाजूला ठेवले. खिडक्या बसवण्याची वेळ गिलावा आणि फरशीची ओली कामे वाळल्यानंतरची ठरवली, कारण ओल्या इमारतीत आणलेली कोरडी झडप फुगते आणि मग ती घासून बसवण्याचा मोह होतो.

शेवटच्या तपासणीत तपासनीसाने बीजके, चलने आणि घनफळाची वही ताडून पाहिली, थप्पीत उरलेल्या फळ्या मोजल्या आणि प्रकल्पाचा दावा मान्य केला. त्यानंतर मी आमच्या कार्यालयाच्या निविदेतले खिडक्यांचे कलम नव्याने लिहिले. झाडाचे शास्त्रीय नाव, दाव्याचा प्रकार आणि प्रमाणपत्राची उत्पादन-व्याप्ती दरपत्रकासोबतच द्यावी. लाकडाची जात बदलायची असल्यास नवा पुरावा मान्य होईपर्यंत काम सुरू करू नये. दावा छापलेली बीजके मिळाल्याशिवाय अंतिम देयक निघणार नाही. आणि कार्यशाळेने लाकडाच्या उपलब्ध मापांनुसार चौकटीत बदल सुचवल्यास वास्तुरचनाकाराने आठवड्याच्या आत लेखी उत्तर द्यावे. यातली शेवटची अट मिस्त्रींच्या सांगण्यावरून घातली आहे. पुढच्या कामासाठी, एका शाळेच्या इमारतीसाठी, हे कलम निविदेबरोबर गेले असून चौकटींचे नकाशे या वेळी दर मागवण्याच्या आधीच कार्यशाळेकडे पाठवले आहेत.